वेळ संपल्याचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, भोंगा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे प्रचाराच्या रिक्षावरचा कर्णा येत असेल. त्याचं माझं काही नातं नाही. तो दुसऱ्याचं बोलणं मोठं करतो. मी माझंच बोलायचो आणि एकच शब्द बोलायचो: चला! लालबागच्या बाजूला एक कापडगिरणी होती, तिच्या बॉयलरच्या छपरावर मला बसवलं होतं. अंग अस्सल पितळेचं. पोटात वाफ शिरली की काळाचौकीपासून डिलाईल रोडपर्यंत झोपलेला माणूस उठून बसायचा. बढाई वाटते? वाटू दे. माझा स्वभावच मोठ्याने बोलण्याचा आहे. आज मात्र मी हळू बोलणार आहे, कारण ही हकिकत एका बाईंच्या कानावर जाता कामा नये.

माझे दिवस होते तेव्हा मी रोज तीनदा ओरडायचो. पहिला भोंगा उठण्याचा, दुसरा घरातून निघण्याचा, तिसरा फाटक बंद होण्याचा. घड्याळ कुणाकडे होतं हो तेव्हा? पहिल्या भोंग्याला बायका स्टोव्हला पिन मारायच्या, दुसऱ्याला डबा बांधून तयार असायचा. आणि गिरणीजवळच्या चाळीत एक रीत होती. दुसरा भोंगा झाला की प्रत्येकाने शेजारच्या दारात जाऊन हाक मारायची. एकट्याने जिना उतरायचा नाही. कुणाला डुलकी लागली, कुणाचा खाडा पडला, तर त्याचं पाप शेजाऱ्याच्या माथी.

या चाळीत पहिल्या मजल्यावर शेजारी शेजारी दोन साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, राहत होते, गुणाजी आणि कुशाबा. दोघेही कोकणातले, दोघेही एकाच खात्यात. रोज सकाळी गुणाजी दारात उभा राहून ओरडायचा, "कुशाबा, चल रे, भोंगो झालो!" आणि आतून कुशाबाची बायको राधाबाई उत्तर द्यायची, "येतत हां, चाय पितत!" माझा आवाज, मग ही हाक, मग हे उत्तर. इतकं ठरलेलं होतं, की चाळीतली पोरं ते एका दमात म्हणून दाखवायची.

मग संप झाला. बॉयलर थंड पडला आणि मी गप्प झालो. महिने गेले. चाळीतली भांडी बाजारात गेली, मग माणसं गावाला गेली. कुशाबाही एका दुपारी पिशवी घेऊन निघाला. राधाबाई म्हणाली, "कधी येतलास?" तो म्हणाला, "भोंगो वाजलो काय येतलंय." एवढंच बोलला आणि गेला. तो गावी पोचलाच नाही. गुणाजीने वाडीवाडीत शोधलं, भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांकडे शोधलं, सरकारी दवाखाने पालथे घातले. कुठेच पत्ता लागला नाही.

पुढे गिरणी कायमची मिटली. बॉयलर मोडीत गेला, मीही गेलो. चाळीच्या मंडळाच्या पोरांनी मला भंगारवाल्याकडून सोडवून आणलं म्हणून आज बोलतो आहे. त्यांनी मला मंडळाच्या खोलीत कॅरमबोर्डाच्या मागे ठेवलं. कुणी माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले, कुणी छत्र्या टांगल्या. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, चिंच लावून घासायचे, तेवढीच काय ती चैन.

राधाबाई वरच राहत होत्या. अजूनही राहतात. कपाळाला कुंकू असतं. नातेवाईक किती वेळा समजवायला आले. चाळीस वर्षं उलटून गेली वहिनी, आता काय ते विधी करून मोकळ्या व्हा. त्या एकच विचारायच्या, "भोंगो वाजलो खंय अजून?" भोंगा वाजल्यावर येतो असं माणूस सांगून गेला. भोंगा वाजलाच नाही. मग त्याने शब्द मोडला असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? सांगा, आहे उत्तर? समजवायला आलेले आल्या पावली परत जायचे.

गुणाजीला हे ठाऊक होतं. म्हणून मला या खोलीत आणलं त्याच दिवशी तो आला आणि त्याने धोतराच्या जुन्या फडक्याचा बोळा माझ्या तोंडात घट्ट कोंबला. मंडळाच्या पोरांना दम दिला, "शोभेक ठेवा. वाजवलात तर माज्याशी गाठ हा." मला राग आला होता. खोटं कशाला बोलू? पितळेच्या गळ्यात चिंधी! पण राधाबाई पाण्याला जाताना खोलीवरून जायच्या आणि दाराशी पाऊल जरा थांबायचं. आत कधी आल्या नाहीत. त्या पावलाची मला भीती वाटू लागली. मग चिंधीबद्दल मी कुरकुर केली नाही.

यंदा महापालिकेची निवडणूक लागली. चाळीतली वैशाली, कॉलेजात शिकवते, तिच्या डोक्यात आलं की तिन्ही उमेदवारांना एकाच स्टेजवर बसवायचं. लोकांनी समोरासमोर प्रश्न विचारायचे. कार्यक्रमाचं नाव 'आमने-सामने'. चाळीच्या पटांगणात मांडव पडला. मला घासूनपुसून, झेंडूचा हार घालून स्टेजच्या कडेला उभं केलं. एसी दुरुस्त करणारा विकास म्हणाला, "वैशालीताई, हे लोक वेळेवर गप बसणारेत का? बेल कोण ऐकतंय? पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणतो, भोंगाच लावू. एकदम कडक!"

गुणाजीच्या कानावर हे गेलं. आता त्याचं वय झालंय, काठी आहे, पण जीभ तशीच. तो थेट वैशालीपुढे उभा राहिला. "भोंगो वाजवचो नाय. वैनी वर आसा."

वैशालीने त्याचा हात हातात घेतला. "नाही वाजवणार हो आजोबा. शब्द देते. फक्त बेल."

तरी गुणाजीने आपली खुर्ची माझ्या शेजारीच ओढली. बायको लक्ष्मी त्याच्या बाजूला बसली. ती म्हणाली, "तुमका कोणाचोच विश्वास नाय." तो म्हणाला, "असतो तर इतकी वर्षा जगलंय असतंय?"

कार्यक्रम सुरू झाला. मित्रांनो, मी साऱ्या जन्मात एवढी भाषणं ऐकली नव्हती. माझा एक शब्द, त्यांचे लाख. पहिले उमेदवार हात जोडून म्हणाले, "या भूमीत घाम गाळणाऱ्या गिरणी कामगारांच्या घामाला माझं वंदन!" गुणाजी पुटपुटला, "घामाक वंदन. घामाचा पुढे काय झाला, ता इचार त्याका." मग ते म्हणाले, "या वॉर्डात विकास होणार म्हणजे होणारच!" तेव्हा मागे वायरी बघत बसलेला विकास दचकून "ओ?" म्हणाला. अख्खं पटांगण हसलं. गुणाजीही हसला.

दुसऱ्या बाई होत्या. कालपरवा एका पक्षात, आज दुसऱ्या. "लोकांना बदल हवाय!" त्या कडाडल्या. गुणाजी लक्ष्मीला म्हणाला, "बदल न्हय, बदली." आता हे तुम्हाला सांगायला हवं. गिरणीत बदली कामगार असायचा. तो रोज फाटकाशी उभा राहायचा आणि ज्या खात्यात कायमचा माणूस गैरहजर, तिथे शिरायचा. "आमचे बदलीवाले पोटासाठी फिरायचे बिचारे," गुणाजी म्हणाला, "आणि साच्यावर उभे ऱ्हवले तर कापड तरी निघायचा." शेजारच्या खुर्च्यांवरचे म्हातारे खो खो हसले.

बेल वाजत होती, पण कोण ऐकतो! पाहुणे बोलत राहायचे, वैशाली बिचारी "सर, वेळ... मॅडम, वेळ..." करत राहायची. मागची पोरं शिट्ट्या घालू लागली. तिसरा उमेदवार तरुण होता, चुणचुणीत. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर पडली. माझ्याकडे बोट करून तो ओरडला, "हा भोंगा पाहा! यांनी याचा गळा दाबला. मला एक संधी द्या. हा भोंगा पुन्हा वाजेल! वाजेल की नाही?"

"वाजेल!" पोरं ओरडली.

बेल वाजली. तो थांबेना. "मोठ्याने सांगा, वाजेल की नाही?"

"वाजव! विकास, वाजव!"

विकासने तयारी आधीच करून ठेवली होती, टेस्टिंग म्हणून. दुपारीच त्याने बोळा काढून टाकला होता आणि झेंडूच्या हारामागे ते कुणाला दिसलं नव्हतं. "नाय रे!" गुणाजी काठी टेकत उठला, पण तोवर खटका दाबला गेला. निवडणुकीत दिलेलं आणि जागच्या जागी पुरं झालेलं वचन मी तेवढं एकच पाहिलं.

मी वाजलो. चाळीस वर्षांनी माझ्या पोटात काहीतरी शिरलं. वाफ नव्हती, नुसती हवा होती, त्यामुळे आवाज जरा खर्जात गेला, घोगरा झाला. पण वाजलो. पटांगणातले म्हातारे खुर्च्यांवरून उठले. कशाला उठलो ते त्यांनाच कळेना. एकजण पायाने चपला चाचपत होता.

आणि गुणाजी, जो मला थांबवायला उठला होता, जो साऱ्या मुंबईत कुणाला फसला नव्हता, त्याच्याच तोंडाने त्याला फसवलं. मान आपोआप पहिल्या मजल्याकडे वळली आणि गळा फोडून तो ओरडला, "कुशाबा, चल रे, भोंगो झालो!"

वरून लगेच उत्तर आलं. "येतत हां, चाय पितत!"

लक्ष्मीने तोंडावर पदर दाबला. गुणाजीचा चेहरा पांढरा पडला. सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या. स्टेजवरचे तिघेही जिन्याकडे बघू लागले. खरं सांगतो, मीही बघत होतो. मला वाटलं, येईल. गिरणी चालू होती तोवर माझ्या हाकेला कुशाबा आला नाही असं कधी झालं नव्हतं.

राधाबाई एकट्याच उतरल्या. कुणाकडे न बघता पटांगण ओलांडून फाटकाशी गेल्या आणि रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. मोटारी जात होत्या, समोरच्या टॉवरचे दिवे लागत होते. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. तेवढ्यात पहिल्या उमेदवाराने माइक तोंडाशी नेला. "या माउलीच्या डोळ्यांतलं पाणी..."

"गप ऱ्हवा!" गुणाजी गरजला. त्यांनी माइक खाली ठेवला.

राधाबाई वळल्या आणि सरळ माझ्यापाशी, गुणाजीपुढे आल्या. "भावजी, भोंगो झालो," त्या म्हणाल्या. "ते इले नाय."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलो होतो. मी न वाजण्यात त्या माणसाचा शब्द शाबूत होता. एक मिनिटाच्या करमणुकीत तो गेला. आता त्या बाईंच्या हातात काहीच उरलं नव्हतं. त्या गुणाजीकडे बघत होत्या आणि गुणाजी जमिनीकडे.

मग त्याने मान वर केली. "वैनी," तो म्हणाला, "ह्यो आपल्या गिरणीचो भोंगो न्हय."

"न्हय?"

"न्हय ओ. खंयचो तरी भंगारातलो. ह्या पोरांका काय कळता? आवाज आयकलास मां? घोगरो. आपलो असो होतो?"

"मग तुमी हाक कशी मारलात?"

"माजा वय झाला. चुकलंय."

राधाबाईंनी पुढे होऊन माझ्या अंगावर तळहात ठेवला. माझं पितळ अजून थरथरत होतं. त्या हाताला ते कळलं असणार. माझ्या आवाजावर ज्यांनी संसार केला, त्या मला ओळखणार नाहीत? मी श्वास धरून राहिलो. त्यांनी हात काढून घेतला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "नाय. आमचो नाय ह्यो. आमचो लांब आयकाक येई." आणि त्या जिना चढून वर गेल्या.

विकास रडत होता. वैशालीने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आजोबा, तुम्हाला उमेदवारांना काही प्रश्न विचारायचाय का?" तिने माइक पुढे केला. गुणाजीने वर पाहिलं, राधाबाई आत गेल्याची खात्री केली, माइकचं बटण बंद केलं आणि मग हळूच स्टेजवरच्या तिघांना विचारलं, "मी आत्ता एक खोटा बोललंय. माजे हातपाय कापतत बघा. तुमका रोज कसा जमता?"

तरुण उमेदवाराने मान खाली घातली. कार्यक्रम तिथेच संपला, वेळ झाली म्हणून सांगायची गरज पडली नाही.

मित्रांनो, आता माझं एक मागणं आहे. जुन्या वस्तू जपा, त्यांना तेलपाणी करा, असं आमच्यासारखे सगळेच सांगतात. मला ते नको. जी वस्तू गप्प ठेवली आहे ती कुणासाठी गप्प ठेवली आहे, एवढं आधी विचारत जा. आणि कधी लालबागला आलात, मंडळाच्या खोलीत डोकावलात, आणि दाराशी एक म्हाताऱ्या बाई थांबून तुम्हाला विचारू लागल्या, की बाळांनो, हा भोंगा कुठला रे, तर मला काहीही म्हणा. भंगार म्हणा, घोगरा म्हणा. पण त्यांच्या गिरणीचा म्हणू नका.