नरहरीच्या जीपचं हेड

जानेवारीच्या गारठ्यात अनुश्री तेलीबांध्याहून बीरगांवला आली आणि पोत्यात गुंडाळलेलं थंडगार लोखंड सरलाबाईंच्या टेबलावर ठेवून तशीच उभी राहिली.

"बस की. उभ्यानं काय दर्शन घेऊन राहिली?" सरलाबाई म्हणाल्या. नवऱ्यामागं गॅरेज त्यांनीच चालवलं. शाळा चौथीत सुटली, पण जुन्या मिलिटरी गाड्यांची इंजिनं ओळखावी तर त्यांनीच.

पोत्यात जीपच्या इंजिनाचं हेड होतं, सिलिंडरांवर बसणारं लोखंडी झाकण. चौतीस वर्षांमागं अनुश्रीचे वडील नरहरी लिलावातली मिलिटरी जीप घेऊन जगदलपूरकडं निघाले, ते परतलेच नाहीत. आता त्या वाटेवरचा एक तलाव उपसताना गाळात एक जीप सापडली होती. आत कोणी नव्हतं. इंजिनावरचा नंबर गंजानं खाल्लेला, म्हणून अनुश्री तिचं हेडच घेऊन आली होती.

"काकू, जीप बाबांचीच निघाली तर आई कुंकू पुसणार म्हणते. आप बस देखके बताओ."

"देखके काय बताओ? लग्नाचं स्थळ आहे काय ते?"

सरलाबाईंनी हेडवरच्या उठावाच्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. आकडे बरोबर होते. पण तसे त्या जातीच्या साऱ्याच हेडांवर असतात. खरी खूण आत होती. फेसिंग करताना, म्हणजे तळ घासून सपाट करताना, त्यांच्या नवऱ्यानं, तुळशीरामनं, नरहरीचं हेड तिरपं धरलं होतं. एका अंगानं जास्त घासलं गेलं, अन् त्या अंगाकडचे खळगे उथळ होत गेले. त्यापायी सरलाबाईंनी आठ दिवस नवऱ्याच्या ताटात भाकरीबरोबर टोमणे वाढले होते.

हेड उलटं करून त्यांनी प्लगांची भोकं बुजवली, वर भोक पाडलेली काच ठेवली आणि मोजनळीनं एकेका खळग्यात घासलेट सोडलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्यात एक सीसी कमी मावलं. तिसऱ्यात आणखी एक कमी. चौथ्यात आणखी एक.

"तुझ्या बापाचंच आहे."

अनुश्रीनं ओढणी तोंडाशी नेली. सरलाबाईंनी घासलेट ओतून टाकायला हेड कलतं केलं, अन् हातावरून ओघळलेलं घासलेट कोमट लागलं.

"हे कुठं ठेवलं होतं? शेगडीपाशी?"

"नाही काकू. बाल्कनीत, रातभर. साबणानं धुतलं होतं मी."

सरलाबाईंनी चौथ्या खळग्यात बोट घातलं. बोट काळं झालं. काजळी ओली होती, पेट्रोलच्या वासाची, इंजिन आत्ताच चावी फिरवून बंद केल्यासारखी. त्यांनी अनुश्रीचा हात धरून लोखंडावर ठेवला. पोरीनं तो झटकन मागं घेतला.

"काकू, बाबा...?"

"मले इंजिन समजते, माणूस नाही समजत. पण बंद झालेलं इंजिन थंडं होते. आईले म्हणा, हे थंडं होईस्तोवर कुंकू राहू दे."

अनुश्री हेड ओढणीत बांधून घेऊन गेली.

महाशिवरात्रीला सरलाबाई मुद्दाम तेलीबांध्याला गेल्या. अनुश्रीची आई, रमा, आंघोळ करून आली. पाहुणीशी बोलायच्या आधी तिनं कोपऱ्यातल्या लोखंडावर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मग कुंकवाची डबी उघडली.