टेकडीवरच्या घराचं शून्य

मी एक जुना फॉर्म आहे. चार घड्या घालून डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली दाबलेला. हलता येत नाही, उलगडता येत नाही, शिंक आली तरी गिळावी लागते. पण मित्रांनो, मीही कधी काळी ताठ होतो हं!

ओश शहरातल्या छापखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. माझ्यावर एकच मोठा प्रश्न होता : काल तुमच्या घरातलं कोण बाहेर पडलं, कुठे आणि कसं गेलं? दर घरामागे जिथे फेऱ्या जास्त, तिथे मिनीबस सुरू होणार. केवढं मोठं काम! मी तर फुगलोच.

बस कचेरीतली आयझिरेक नावाची मुलगी मला टेकडीवरच्या नव्या वस्तीत, बुरुल अपांच्या (तिकडे थोरल्या बाईला अपा म्हणतात) घरी घेऊन गेली.

"काल तुमची सून कुठे गेली होती का, अपा?"

"माझी गुलझिना?" अपांनी मान ताठ केली. "उंबरा ओलांडत नाही ती! भटक्या सुना आमच्याकडे नाहीत, बाई."

"माझी तर खिडकीतूनही डोकावत नाही!" कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली.

दारात गुलझिनाचे बूट होते. घोट्यापर्यंत ओला चिखल. तिच्या मांडीवरच्या पोराच्या कानात कापूस. तिनं तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं, मिटलं. आयझिरेकनं माझ्यावर शून्य काढलं, नानचा तुकडा मोडून तोंडात टाकला (त्याशिवाय तिथून कुणाला उठूच देत नाहीत) आणि निघाली. मी जीव तोडून ओरडलो, 'अगं, बूट बघ!' पण कागदाचं कोण ऐकतं?

गल्लीतल्या प्रत्येक सासूनं तेच सांगितलं. कचेरीत साहेबांनी बेरीज केली. "ही माणसं कुठे जातच नाहीत. यांना बस कशाला?" झालं! ती माणसं टेकडीवर अडकली, मी कपाटाखाली. दोन वर्षं.

गेल्या महिन्यात ते चिखलाचे बूट कचेरीत आले. मी लगेच ओळखले! मागून धापा टाकत दुसरे.

"आम्हाला बस हवीय," गुलझिना म्हणाली. "पोराचा कान अजून वाहतोय. डॉक्टर म्हणतात, रोज औषध घालायला आणा, नाहीतर ऐकू येणार नाही. आता हा पाठीवर मावत नाही हो."

आयझिरेक गोंधळली. "पण तुमच्याकडून कुणी बाहेरच पडत नाही. अपा, तुम्हीच तर सांगितलंत."

अपा मटकन खुर्चीत बसल्या. "खोटं बोलले, मुली. पाहुणीसमोर मिरवायचं होतं. आज हिच्याबरोबर चालले, तेव्हा गुडघ्यांनी खरं सांगितलं. आता लिही. तिघं जण, पायी, दीड तास."

आयझिरेकनं कपाट उचललं, मला ओढून काढलं. मी उलगडलो! हवा लागली! तिचं बोट माझ्या शून्यावर थांबलं.

"याची बेरीज केव्हाच होऊन गेली," ती हळूच म्हणाली आणि तिनं नवा फॉर्म काढला. "रविवारी मी गल्लीत परत येते. प्रत्येक घरी."

"ये. आणि सुनांना विचारताना सासवांना अंगणात काढ," अपा म्हणाल्या. "आधी मला."

गुलझिना हसली. पहिल्यांदाच.

तेवढ्यात कपाट डुगडुगलं. चार घड्या, आणि मी पुन्हा खाली.

मित्रांनो, मला नाही सोडवलंत तरी चालेल. पण 'आमच्याकडचं कुणी कुठे जात नाही' असं कुणी सांगितलं, तर शून्य काढण्याआधी एकदा दारातले बूट बघा.