संभाजीरावांचे दोन बोल्ट

हिंदी मुलखातल्या गोरखी वाड्यातल्या गणपतीची सागवानी पालखी इतकी जड, की गेल्या वर्षी चौघा म्हाताऱ्यांनी ती प्रत्येक कोपऱ्यावर टेकवली होती. यंदा मंडळाने टेम्पो आणायचा घाट घातला. पुढचा दांडा संभाजीरावांचा. वडिलांच्या खांद्यावरून त्यांच्या खांद्यावर आलेला. ते म्हणाले, "देवाला टेम्पोतून न्यायचं? गोभीचं पोतं आहे का तो?"

वाट काढली नातीने. गरिमा कॉलेजात प्लास्टिकवर काम करायची. आत काचेचे धागे घातलेलं प्लास्टिक, हलकं आणि चिवट. तिने त्याचीच पालखी केली. सांध्याला खिळा नाही की सरस नाही. दोन तुकड्यांमध्ये बारीक तारेची जाळी ठेवायची, तिच्यात वीज सोडायची. प्लास्टिक वितळलं की वरून दाबून धरायचं. निवल्यावर दोन्ही एकजीव.

"आणि बोल्ट?" संभाजीरावांनी विचारलं.

"नको आजोबा. भोक पाडलं की आतले धागे तुटतात. ताकत उन्हीं में है."

संभाजीरावांनी मान डोलावली. पण ज्या घरात तलवारीच्या मुठीलाही खिळे, तिथल्या माणसाचा नुसत्या वितळण्यावर विश्वास बसावा कसा? गरिमा कॉलेजात गेल्यावर त्यांनी ड्रिल काढलं, पुढच्या दांड्याच्या सांध्यात जाडजूड बोल्ट आवळले आणि वर पुट्टी फासली. त्या दुपारी त्यांना झोप फार गाढ लागली.

रविवारी अंगणात परीक्षा झाली. पालखीत गव्हाचं पोतं ठेवून चौघांनी खांदा दिला. दोन पावलं गेली नाहीत तोच कट्कन पुढचा दांडा चिरला.

मागच्या दांड्याचे दिनकरराव पहिल्यापासून टेम्पोच्या बाजूचे. "चिकटवलेल्या गोष्टीचं असंच होतं," ते म्हणाले आणि टेम्पोवाल्याला लावायला त्यांनी खिशातून फोन काढला.

गरिमाचा चेहरा एवढासा झाला. "जोड़ तो ठीक था," ती स्वतःशीच पुटपुटली. गप्प बसलं तर संभाजीरावांची अब्रू राहत होती, पण दांडा जात होता, आणि वर पोरीच्या माथी खापर.

"दिनकरराव, फोन ठेवा. सांधा सुटलेला नाही. चीर भोकातून गेलीय."

"कुठल्या भोकातून?"

"मी पाडलेल्या."

दिनकररावांनी फोन खिशात टाकला आणि वाकून चीर पाहिली. मग विचारलं, "किती पाडलीत?"

"दोन. एकावर भरवसा नव्हता."

गरिमाने चिरेवरून बोट फिरवलं. "हे पुन्हा वितळतं, म्हणून वाचलात," ती म्हणाली. चिरलेला भाग कापून तिने तिथे नवा तुकडा तशाच रीतीने जोडला.

पुढच्या रविवारी पोतं दिसेना.

"गहू गिरणीत गेलेत," गरिमा म्हणाली. "तुम्ही बसा."

पुढचा दांडा तिने स्वतः घेतला. फेटा सावरत, दोन्ही काठ घट्ट धरून संभाजीराव पालखीत बसले. पालखी अंगणातून रस्त्याला लागली, तरी सांधा करकरलासुद्धा नाही. दिनकररावांनी चालता चालताच टेम्पो नको म्हणून कळवून टाकलं.

पाटणकर बाजाराच्या तोंडाशी एका दुकानदाराने चौघांच्या खांद्यावर म्हातारा येताना पाहिला. त्याने शटर अर्धं ओढलं, चपला काढल्या आणि हात जोडले.

"अभी हैं, भैया," संभाजीराव वरून म्हणाले. "जोड़ देख रहे हैं."