बिनपंखांची काडी

गणपती गेले आणि मुलुंडच्या त्या चाळीमागच्या मोकळ्या जागेवर सोनेरी चतुरांचे थवे आले. दरवर्षी याच दिवसांत यायचे. कुठे टेकायचं नाव नाही, पंख पसरून नुसते तरंगत राहायचे. यंदा मालनला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. उद्याच्या एसटीने तिची नीला गावी जायची होती, आणि मग मे महिन्यापर्यंत लेकीचं तोंड दिसणार नव्हतं.

तिचा नवरा दत्ताराम कामाला होता ती गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. आता तो एका कारखान्यावर वॉचमन होता. पण पोरीला धाडायचं कारण ते नव्हतं. नीला पहिलीत दुसऱ्यांदा बसली होती. फळ्यावरचं उतरवून घ्यायची नाही, विचारलं की मान खाली घालायची. मुलगी मंद आहे, असं बाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

"हय तिका काय समाजणा नाय," दत्ताराम म्हणाला होता. "गावाक माझ्या आयेकडे रव्हांदे. ढोरां तरी राखतली."

मालन भांडली, रुसली, जेवली नाही. शेवटी तिनेच माळ्यावरून ट्रंक काढली.

दुपारी वाळलेले फ्रॉक काढायला ती मागे गेली. नीला पदर धरून होतीच. धुण्याच्या दगडापाशी एक चतुर मरून पडला होता. मालनने तो उचलून लेकीच्या तळव्यावर ठेवला. जाताना तेवढाच खेळ. नीला चतुराला 'काडी' म्हणायची, पाटीवरही एक आडवी रेघच काढायची. शेजारच्या सुगंधाकाकूंना त्याचं भारी हसू यायचं. मालनही हसायची.

नीलाने तळवा पार नाकापाशी नेला. अख्खं डोकं व्यापणारे तांबूस डोळे, हळदीच्या रंगाचं अंग, शेपटीवर काळसर ठिपके. काचेसारखे चार पंख, त्यांत केसाहून बारीक जाळी, आणि प्रत्येकाच्या टोकाशी इवलासा तपकिरी डाग. मागचे दोन पंख बुडाशी चांगलेच रुंद.

"आई, ह्याला पंख आहेत."

"सगळ्यांनाच असतात गं."

"वरच्यांना नाहीत. त्या नुसत्या काड्या."

मालनने वर पाहिलं. डोक्यावरून जाणाऱ्या चतुरांचे पंख उन्हात लखलखत होते.

फ्रॉक तारेवरच राहिले. तिने लेकीला आत नेलं. दत्ताराम ट्रंकेला सुतळी बांधत होता. नीलाला दाराशी उभं करून मालन चतुर हातावर धरून मागे सरकू लागली. हातभर अंतरही झालं नसेल.

"आता पंख गेले," नीला म्हणाली.

मालन मोरीपर्यंत मागे गेली. "आणि मी? मी कशी दिसते इथून?"

"तू आई आहेस ना. बांगड्या वाजतात."

दत्तारामचे हात थांबले. तो उठला, भिंतीशी गेला आणि हात वर केला. "नीला, बोटां किती माझी?"

नीलाने मान खाली घातली. शाळेत घालायची तशीच.

दत्ताराम खाली बसला आणि सुतळीची गाठ सोडू लागला. त्यानेच आवळून मारलेली गाठ. सुटेना. मालन चतुर मुठीत जपून त्याच्याशेजारी टेकली आणि दुसऱ्या हाताने तिने सुतळीचं टोक धरलं.