खालून सातवी पायरी

मित्रांनो, माझ्या पायऱ्या मोजल्यात तर सोळा भरतील. जन्मले तेव्हा सतरा होत्या. खालून सातवी नाही. ती कशी गेली आणि गेल्यावर कुणी पुन्हा का बसवली नाही, एवढीच माझी गोष्ट. मी एक जुनी लाकडी शिडी आहे, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर पोर्टलुनन गावात राहते, आणि आता कुणाच्या फारशा कामाची नाही.

मला घडवलं एबेनेझर स्मीटनने. तो खरा होड्या बांधणारा. वॉटी स्पिंक तेव्हा डंडीच्या तागाच्या गिरणीतली नोकरी सोडून गावी परतला होता आणि लोकांच्या खिडक्या पुसण्याचा धंदा काढत होता. एबेनेझरने एका होडीतून उरलेलं लाकूड घेतलं आणि आठवडाभर खपून मला उभी केली. मला वॉटीच्या खांद्यावर देताना तो म्हणाला, "भिंतीला लावलीस तर ही एकटी उभी राहील. पण खांबाला लावशील तेव्हा खाली माणूस ठेव. खांब गोल असतो." वॉटी हसला. खांबावर चढायचं काय काम पडणार, असं त्याला वाटलं असावं. त्याला आपल्या बहिणीचा विसर पडला होता.

नेटा त्याची थोरली बहीण, चार वर्षांनी मोठी. बंदरावरच्या धुराच्या घरात, म्हणजे मासे टिकावेत म्हणून त्यांना धुरी देतात तिथे, ती कामाला होती. तिथे हॅडॉक माशांच्या शेपट्यांना दोरी बांधून जोडीजोडीने धुरावर टांगत. नेटाची गाठ गावात नावाजलेली होती. तिने बांधलेली जोडी विस्तवात कधी पडली नाही. आणि नेटा होती पिवळी.

हे रंगांचं प्रकरण आधी सांगून टाकते. लाल म्हणजे मजुरांचा पक्ष, साऱ्या ब्रिटनभर पसरलेला. गिरणीतल्या माणसाप्रमाणे वॉटीही जन्मजात लाल. निळे म्हणजे लालांचे जुने वैरी, मालकवर्गाचा पक्ष. पिवळे म्हणजे स्कॉटलंडचा कारभार स्कॉटलंडनेच करावा, लंडनने नव्हे, असं म्हणणारे. नेटा पिवळी झाली ती आईमुळे. म्हातारी तर पिवळ्यांना कुत्रं विचारत नव्हतं तेव्हापासूनची पिवळी. रविवारी तिच्या स्वयंपाकघरात जवाचं सूप उकळत असे आणि दोन्ही मुलं तावातावाने भांडत असत. मी परसात भिंतीला टेकून ऐकायची. ते भांडण ऐकायला मला फार आवडायचं. आजही त्याची आठवण झाली की जीव हळवा होतो.

निवडणूक आली की दिव्याच्या खांबांवर पाट्या चढत. गावात एवढी लांब शिडी मीच. म्हणून एक रिवाज पडला. सकाळी वॉटी वर जाऊन लाल पाट्या बांधायचा आणि नेटा खाली मला धरायची. दुपारी नेटा पिवळ्या पाट्या घेऊन वर, वॉटी खाली. तुझ्या पाट्या तुझ्या पक्षासारख्याच वाकड्या, असं ती म्हणायची. तुझ्या सरळ राहतात कारण वाचायला कुणी थांबत नाही, असं तो म्हणायचा. पण धरायला कधी चुकले नाहीत. मला चार हात ठाऊक होते, आणि ते कुठल्या रंगाचे याचा मी कधी विचार केला नाही.

मग एक वर्ष असं आलं की त्यात दोन निवडणुका झाल्या. माझे सांधे खिळखिळे झाले. दुसऱ्या निवडणुकीत पिवळ्यांचे चक्क अकरा खासदार लंडनला गेले. लंडनच्या लाल सरकारचं बहुमत काठावरचं. त्याला घाम फुटला, आणि स्कॉटलंडला एडिनबरात स्वतःचं सभागृह द्यायच्या गोष्टी सुरू झाल्या. पण त्यात एक मेख मारून ठेवली. जनतेने नुसतं जास्त 'हो' म्हणून चालणार नाही, मतदारयादीतल्या एकूण नावांपैकी शंभरातल्या चाळिसांनी 'हो' म्हटलं पाहिजे. म्हणजे जो घरी बसला तो 'नको'त. आणि जो मेला, पण ज्याचं नाव यादीत राहिलं, तोही 'नको'त.

त्या जानेवारीत म्हातारी गेली. मतदान एक मार्चला होतं.

वॉटी त्या दिवशी घरी बसला. थंडी फार आहे म्हणाला. खरं म्हणजे त्याच्या पक्षातच अर्धे 'हो' म्हणत होते, अर्धे 'नको', आणि त्याचं मन दोन्हीकडे होतं. निकाल लागला. 'हो' जास्त निघाले, पण चाळीस काही भरले नाहीत. संध्याकाळी नेटा परसात आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तेच मला भयंकर वाटलं.

"आई जन्मभर पिवळी," ती म्हणाली. "मेल्यावर तिला 'नको' म्हणायला लावलं त्यांनी. तिला बिचारीला इलाज नव्हता. तू तर जिवंत होतास."

 वॉटीला उत्तर सापडलं ते महिनाअखेरीस. फसवले गेलेले पिवळे खासदार सरकारवर उलटले होते. लंडनच्या सभागृहात अविश्वासाचं मतदान झालं, रेडिओवर ऐकवलं गेलं, आणि लाल सरकार एका मताने पडलं. दुसऱ्या दिवशी वॉटी बादल्या आपटत होता तेव्हा नेटा आली. "एका मताने, नेटा," तो म्हणाला. "तुझे अकराच्या अकरा निळ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. आता बघ काय वाढून ठेवलंय ते." वचन आधी कुणी मोडलं, असं तिने विचारलं. त्यावर त्याने नळ मोठा सोडला.

निवडणूक लागली. पाट्या आल्या. वॉटीने आपल्या पाट्या त्या खेपेला बांधल्याच नाहीत. एप्रिलमधल्या एका ओल्या सकाळी नेटा एकटीच परसात आली, मला खांद्यावर घेतलं आणि बंदराच्या रस्त्यावर पहिल्या खांबाला लावलं. रस्त्यापलीकडे बेकरीची खालची काच वॉटी पुसत होता. त्याची पाठ आमच्याकडे होती, पण काचेत त्याला आम्ही स्वच्छ दिसत होतो. नेटाने त्याला हाक मारली नाही. त्याने वळून पाहिलं नाही. नेटा चढली.

मित्रांनो, माझी पायरी कच्ची नव्हती. लोक तसं म्हणाले, पण ते खोटं आहे. मीच घसरले. दगड ओला होता, खांब गोल होता आणि खाली कुणी नव्हतं. आम्ही दोघी मिळून पडलो. माझी खालून सातवी पायरी फुटपाथच्या कडेवर आपटून मोडली. नेटाचं उजवं मनगट माझ्याखाली सापडलं. वॉटी धावत आला तेव्हा त्याच्या हातातल्या फडक्यातून अजून पाणी गळत होतं. नेटाने त्याला हात लावू दिला नाही.

मनगट जुळलं, पण बोटांतली ताकद गेली. नेटाची गाठ गेली. धुराच्या घरातून तिला पुढच्या दुकानात मासे विकायला बसवलं. पिवळे अकराचे दोन उरले. निळे आले ते अठरा वर्षं राहिले. गिरण्या बंद पडल्या, बंदरातल्या होड्या निम्म्या झाल्या. पिवळ्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आणि आमच्याही, असं गावातले लाल चारचौघांत म्हणत. वॉटी तसं कधी म्हणाला नाही. 

त्याने अॅल्युमिनियमची नवी शिडी आणली. मला वाटलं, आता माझी चुलीतच रवानगी. पण नाही. महिन्यातून एकदा तो मला उतरवायचा आणि खांद्यावर घेऊन थेट नेटाच्या घरी जायचा. तिच्या माडीच्या खिडक्या तो माझ्यावरच चढून पुसायचा. मोडकी पायरी त्याने मुद्दामच बसवली नाही; ती चूक त्याला विसरायची नसावी. दर खेपेला सहावीवरून आठवीवर मोठी ढांग टाकायचा. आत नेटा खिडकीकडे पाठ करून बसलेली असायची. तो काच पुसायचा, कोपरे पुन्हा पुसायचा, उतरायचा. खालच्या खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मासा ठेवलेला असायचा. तो मासा खिशात घालून तो परत यायचा. अठरा वर्षं त्या दोघांत एक काच होती, आणि ती गावातली सर्वांत स्वच्छ काच होती. मला मात्र त्या काचेपाशी उभं राहणं जड जायचं.

निळे गेले, लंडनला पुन्हा लाल आले, आणि एडिनबराच्या सभागृहाचा प्रश्न पुन्हा लोकांपुढे ठेवला. या वेळी चाळिसाची मेख नव्हती. आणि नवल म्हणजे लाल आणि पिवळे एकाच बाजूने 'हो' मागत होते. सप्टेंबरमधली सकाळ होती. वॉटी माझ्यावर उभा राहून काचेला साबण लावत होता, तेवढ्यात आतून खिडकी वर सरकली. नेटा सदुसष्ट वर्षांची झाली होती. साबणाच्या फेसाकडे बघत ती म्हणाली, "दहा पाट्या आल्यात. लालही नाहीत, पिवळ्याही नाहीत. बांधायला कुणी नाही."

वॉटी खाली उतरला. बंदराच्या रस्त्यावर त्याने मला त्याच खांबाला लावलं. मला वाटलं, तो धरणार आणि तिला चढवणार. पण त्याने पाटी स्वतःच्या बगलेत मारली.

"तू धर," तो म्हणाला.

"माझं मनगट बघितलंस का, वॉटी? मला गाठ बांधता येत नाही. तुला काय धरणार?"

"म्हणूनच. तेव्हा ही शिडी मी धरायला हवी होती. काचेत दिसत होतीस मला. आज मी चढतो. सोडावीशी वाटली तर सोड."

तो वर गेला, सातवीची ढांग टाकून. खाली दोन हात आले. डावा घट्ट, उजवा नुसता टेकवलेला. मी ते हात ओळखले, आणि लाकडाला रडता येत असतं तर तेव्हा रडले असते. वॉटीने वर दोरीचा नुसता गुंता केला.  नेटाला राहवलं नाही.

"डावीकडून घे, गाढवा. दोनदा फिरव आणि खालून काढ. माशाच्या शेपटीला बांधतात तशी."

दहा खांब होते, आणि दहाही खांबांवर तिने त्याला शिव्या घातल्या. संध्याकाळी कट्ट्यावर मासा नव्हता. वॉटी आत जेवायला गेला होता.

पुढचं तुम्ही वाचलं असेल. एडिनबराला सभागृह आलं. पिवळे वाढत गेले, आणि शेवटी एकदा स्कॉटलंडने ब्रिटनमधून वेगळंच व्हावं का, हा प्रश्न मतदानाला आला. भाऊ ऐंशीचा, बहीण चौऱ्याऐंशीची. पुन्हा दोघं दोन टोकांना. मतदानाच्या सकाळी परसात वॉटी तिला म्हणाला, "तू 'हो' म्हणणार, मी 'नको'. बेरीज शून्य. मग चालायचं कशाला? घरी बसून चहा पिऊ."

"घरी बसायचं नाव काढू नकोस," नेटा म्हणाली. "एकदा बसलास तेवढं पुरे."

एकमेकांच्या हाताचा आधार घेत दोघं शाळेपर्यंत गेली. तिला हवं होतं ते त्या दिवशी झालं नाही. पुढच्याच वर्षी लंडनच्या निवडणुकीत पिवळ्यांचे स्कॉटलंडच्या एकोणसाठांपैकी छप्पन्न आले आणि वॉटीच्या लालांचा एकच उरला. गावाला वाटलं, आता नेटा त्याला जगू देणार नाही. ती आली, त्याच्या परसातल्या बाकावर माशांची जोडी ठेवली आणि हवेबद्दल बोलत बसली.

त्या हिवाळ्यात नेटा झोपेतच गेली. वसंतात पुढच्या निवडणुकीचं मतदारकार्ड तिच्या नावाने आलं. वॉटीने ते बराच वेळ हातात धरलं. मग चर्चचा कोट चढवला आणि बसने तालुक्याच्या कचेरीत गेला. परत आल्यावर माझ्याशेजारच्या बाकावर बसून तो शेजारच्या जेसी टॉशला सांगत होता, की तिथली मुलगी म्हणाली, आजोबा, एवढ्यासाठी कशाला आलात, आम्ही यादीतून नाव काढलंच असतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" जेसीने विचारलं.

"म्हटलं, आमच्या आईच्या वेळी राहून गेलं होतं."

आता वॉटी ब्याऐंशीचा आहे आणि माझ्यावर वाटाण्याचे वेल चढतात. मित्रांनो, घरात जुनी शिडी असेल तर तिला पावसात ठेवू नका, वर्षातून एकदा तेल पाजा. त्याहून एक मोठी विनवणी आहे. कुणी खांबावर चढताना दिसलं तर वर कुठल्या रंगाची पाटी चालली आहे ते बघत बसू नका. आधी खाली धरायला जा, भांडण मागाहून करा. पाट्या पंधरा दिवसांत उतरतात. नेटाचं मनगट मात्र पाऊस यायच्या आधी शेवटपर्यंत दुखत असे.