कुरणाच्या तोंडाशी उभा असलेला खांब

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खांब आहे. टेकडीवरच्या सार्वजनिक कुरणाच्या तोंडाशी मी उभा असतो आणि माझा जोडीदार माझ्यासमोर. आमच्या मधल्या फटीतून माणसांनी आत जायचे, गाड्यांनी बाहेर राहायचे.

सुताराने आम्हाला तासले, बुडाला डांबर फासले. पण फट केवढी ठेवायची? त्याने राखणदारकाकांनाच मध्ये उभे केले. काकांचे पोट चांगलेच ऐसपैस. "जरा सैल ठेव रे, मला रोज जायचंय," ते म्हणाले. जिथून काका जातील तिथून मोटारसायकलही जाईल, हे कोणाच्या डोक्यातच आले नाही!

काही वर्षे सुखाची गेली. फिरायला येणारे आजोबा मला धरून बुटातले खडे काढत. मग जाड चाकांच्या मोटारसायकली आल्या. चढावर चाके गरगर फिरत आणि गवत मुळासकट उपटले जाई. चाकोऱ्यांतून पावसाचे पाणी धावू लागले, माती वाहून गेली. मी मात्र ढिम्म उभा. मला फार वाईट वाटे.

एका शनिवारी काकांची लेक धावत आली. "बाबा, टिटवीची चार अंडी आहेत! चाकोरीपासून वीतभरच लांब! उद्या ते गाडीवाले येतील."

टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. काकांनी लगेच सुताराला बोलावले.

"फट कमी कर."

"मग तुम्ही कसे जाल?"

"आडवा होऊन जाईन. टिटवीला काही घर उचलून नेता येत नाही."

मला उपटून हातभर सरकवले. रविवारी पहिल्याच गाडीचे हँडल माझ्यावर आदळले. खरे सांगतो, लागले, पण बरे वाटले.

"गेल्या रविवारी तर जात होती!" गाडीवाला चिडला.

"दादा, गाडी इथेच लावा. चालत या, एक गंमत दाखवते," लेक म्हणाली.

तो कुरकुरत गेला आणि अंडी पाहून परतला. "मी तिथूनच गेलो होतो," एवढेच म्हणाला. मग मित्रांकडे वळला, "इंजिन चालू करू नका. रस्त्यापर्यंत ढकलत न्या."

आता चाकोऱ्यांत गवत उगवते आहे. मी समाधानी आहे. पण मित्रांनो, मी शेवटी एक लाकूड. कुंपण मोडून कोणी घुसले तर काय करणार? म्हणून गाडी बाहेर ठेवा, पायी या, आणि खाली बघून चाला. कुरण सगळ्यांचे आहे. जी पिल्ले कालच चालायला लागली, त्यांचेही.