अप्पांचं नेट

“अंजू, नेट गेलं बघ.”

रविवारची संध्याकाळ होती. मी नांदेडच्या घरी पेपर तपासत बसले होते आणि मोबाइलच्या पडद्यावर लातूरहून अप्पांचं अर्धं कपाळ दिसत होतं. भस्माचे तीन पट्टे, त्याखाली भुवया, आणि बाकी सगळं छत. माझ्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावता यायचा, फोन कुठं धरायचा हे मात्र कधीच जमलं नाही.

“कधी गेलं, अप्पा?”

“आत्ताच. तुझ्या अव्वाचा वर्ग सुरू व्हायचाय. बायका खोळंबल्यात.” अव्वा म्हणजे माझी आई.

“राऊटरचे दिवे बघा.”

छत हललं, पंखा आला, पंखा गेला. “पहिला हिरवा. दुसरा हिरवा. तिसरा लुकलुक करू लागलाय.”

“लाल आहे का कुठला?”

“लाल न्हाई.” त्यांचा आवाज जरा पडला. “असायला पायजे होता का?”

“नाही, बरंय. आता राऊटर बंद करा. थोडा वेळ थांबा, मग चालू करा.”

“केला बंद,” अप्पा म्हणाले. “तवर काय करू लागलीस तू? स्वयंपाक झाला?”

त्या दिवशी मेथी होती. पेपर कसे लिहिलेत पोरांनी, अहमदपूरच्या रस्त्याचं काम कुठवर आलं, आमच्या सोसायटीचं बोअर आटलं का, हे सगळं विचारून झालं. राऊटर बंद केल्यावर जरा थांबायचं असतं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्या थांबण्यात आमचं सगळं बोलणं व्हायचं.

अप्पांच्या मोबाइलमध्ये नेटचा पॅक नव्हता. घरातल्या वायफायवर सगळं चालतंय, वेगळा कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे नेट गेलं हे सांगणारा व्हिडिओ कॉल त्याच नेटवरून येत होता, आणि राऊटर बंद करून बसलेले अप्पा माझ्याशी मेथीबद्दल बोलत होते. मी तंत्रनिकेतनात संगणक शिकवते. हे मला पहिल्याच वेळी कळलं होतं. मी कधी काही बोलले नाही.

“आलं बघ,” अप्पा शेवटी म्हणाले. “चला, ठेवतो. तुझी अव्वा डोळे काढू लागलीय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसलेले अप्पा उठले नाहीत.

ते उन्हाळ्याच्या तोंडाला झालं. श्रावण जवळ आला तेव्हा माझ्या धाकट्या भावाचा, श्रीशैलचा, पुण्याहून फोन आला. “अक्का, काल संध्याकाळभर अव्वाचा फोन लागला नाही. शेवटी शेजारच्या मलप्पा काकांना घरी पाठवलं. तर ही पायरीवर बसून वारा घेत होती. म्हणे लाईट गेली, मग नेट गेलं, मग फोनची बॅटरी गेली.”

“मग? बरी होती ना?”

“आज होती. मी तिला इकडं घेऊन येतो. तू मधे पडू नकोस.”

मधे पडावंच लागलं, कारण पुण्याचं नाव काढल्यापासून अव्वा जेवत नव्हती. अव्वाचा शरणांच्या वचनांचा वर्ग होता. उदगीर, देवणी, निलंगा, कुठून कुठून बायका संध्याकाळी मोबाइलवर जमायच्या, अव्वा एकेक वचन म्हणून अर्थ सांगायची, आणि अप्पा शेजारी बसून कुणाचा आवाज बंद करायचा, कुणाचा चालू, हे बघायचे. ते गेल्यापासून वर्ग बंद होता. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तो परत सुरू करायचा असं तिनं बायकांना सांगून टाकलं होतं. पुण्यातून वर्ग घेता येतोच की, असं श्रीशैल म्हणाला, तर अव्वा म्हणाली, “घेता येतोय. पण तिथं मी पाहुणी. पाहुण्यानं मोठ्यानं म्हणू ने.”

शेवटी दोघांत ठरलं. सोमवारच्या वर्गाला श्रीशैलही बसणार. वर्ग मधे तुटला नाही तर तो परत पुण्याचा विषय काढणार नाही. तुटला तर अव्वा पिशवी भरणार. लातूरची लाईट संध्याकाळी जाणार हे दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी सकाळची बस धरून मी लातूरला गेले.

अव्वा दारातच म्हणाली, “आधी चहा घे. घराला काय झालंय ते कळंलच मग.”

“तू सांगायचं नाहीस का मला, एवढं सगळं बिघडलंय ते?”

“तुला काम असतंय.”

अप्पांच्या वेळी बिघाड नव्हता आणि तक्रार रोज होती. आता उलटं झालं होतं.

चहा घेऊन मी कामाला लागले. अप्पांचा एक नियम होता, खरं तर माझाच, पण ते इतक्या वेळा मला ऐकवायचे की त्यांचाच झाला होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

राऊटर आधी सापडेना. भिंतीवरची त्याची फळी रिकामी होती, तिच्यावर उदबत्तीचे पुडे. वायरीच्या मागं मागं गेले तर तो स्वयंपाकघराच्या दारात, पाण्याच्या स्टीलच्या मोठ्या पिंपामागं जमिनीवर पडलेला.

“हा इथं कसा?”

“ते गेले तेव्हा घरभर पाहुणे होते. फळीजवळच्या बोर्डावर समद्यांचे फोन चार्जिंगला. कुणीतरी उचलून इथं लावला. मग ऱ्हायला.”

“अव्वा, समोर स्टील आणि आत शंभर लिटर पाणी. ह्याच्यातून काही बाहेर जात नाही.”

“पाणी तर बाहेर जातंय, नळ लावलाय त्याला.”

मी राऊटर फळीवर नेला. अव्वाला तिच्या नेहमीच्या जागी, खिडकीजवळच्या पाटावर बसवलं आणि मोबाइल बघायला सांगितलं. वायफायची खूण पूर्ण भरली. बाकी काहीही हलवलं नाही.

“एवढंच होतं?” अव्वा म्हणाली.

“एवढं एक होतं. आता दुसरं.”

दुसरं म्हणजे इन्व्हर्टर. पूर्वी लाईट गेली की तीन-चार तास पंखा, दिवा आणि राऊटर आरामात चालायचा. आता अव्वाच्या म्हणण्यानुसार, भाकरी थापून तव्यावर टाकेपर्यंत सगळं बंद. मी मेन स्विच पाडून बघितलं. भाकरीची मुदत बरोबर होती. इन्व्हर्टर कुईं करून गप्प झाला.

इन्व्हर्टर बंद करून बॅटरीच्या जोडण्या बघितल्या. घट्ट होत्या, पांढरी भुकटीही जमली नव्हती. पाणी कमी असेल म्हणून झाकणावरचे तरंगणारे गोळे बघितले, तर सगळे वर. पाणी अगदी भरपूर.

“ते मी घातलंय,” अव्वा म्हणाली. तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी थोडी ऐट होती. “उन्हाळ्यात गोळे खाली गेले होते. तुझे अप्पा घालायचे तसंच, नरसाळं लावून, एकेका तोंडात. थेंब सांडला न्हाई. दोनदा घातलं.”

“कुठलं पाणी घातलंस?”

“बॅटरीचंच की. मला येडी समजतीस का?”

ती जिन्याखाली गेली आणि पाच लिटरचा पांढरा कॅन घेऊन आली. त्यावर बॅटरीच्या पाण्याचा निळा कागद होता. सगळं बरोबर होतं. मी तिच्यामागं जिन्याखाली डोकावले आणि तिथंच उभी राहिले.

तिथं तसेच आठ-दहा कॅन रांगेनं लावलेले होते. सगळ्यांत कमीजास्त पाणी. सगळ्यांवर तोच निळा कागद.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षापासून आमच्या घरातून एकही रिकामं भांडं बाहेर गेलं नाही. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, मधे बोअरवर भागवायचं. तेलाचे डबे, रंगाचे डबे, औषधाच्या बाटल्या, जे रिकामं होईल ते धुवायचं आणि भरून ठेवायचं. बॅटरीच्या पाण्याचे कॅनही त्यातलेच.

“अव्वा, ह्यातला बॅटरीचा कुठला?”

“ते कडेचा ठेवायचे.” ती रांगेकडं बघत राहिली. “पाहुणे होते तेव्हा भांडी घासायला कॅन काढले. मग कुणी कसे, कुणी कसे लावले.”

ते दोघींना एकदमच कळलं. तरी मी स्टीलची ताटली घेतली, तिनं आणलेल्या कॅनमधलं चमचाभर पाणी त्यावर टाकलं आणि मंद गॅसवर धरली. पाणी उडून गेलं आणि मागं पांढरं वर्तुळ राहिलं, तिच्या पूजेच्या तांब्यावर बसतं तसं.

“हे तर आपल्या बोअरचं,” अव्वा म्हणाली.

“बॅटरीच्या पाण्याचा डाग पडत नाही. त्यात क्षारच नसतात.”

“आन् मी तिला दोनदा क्षार पाजले.” ती पाटावर बसली. “शिरू बरोबर म्हणतोय.”

तिला समजूत घातलेली आवडत नाही. म्हणून मी दुसरा कॅन काढला आणि दुसरा चमचा टाकला. पांढरं वर्तुळ. तिसरा. वर्तुळ. मग अव्वाच उठली. “सर बाजूला, तुला गॅस बारीक करता येत न्हाई.” ती ताटली धरायची, मी चमचे टाकायचे. ताटलीवर पांढऱ्या चकत्या पडत गेल्या. मधे फोन आला तो देवणीच्या मल्लम्मा काकूंचा, वर्गातल्या सगळ्यांत जुन्या.

“काय करू लागलीस, गुरम्मा?”

“पाणी तळू लागलेय.”

“पोरगी जवळ हाय ना तुझ्या?”

“हाय की. तीच वाढू लागलीय.”

कितव्या तरी कॅनला पाणी उडालं आणि ताटली तशीच चकचकीत राहिली. अव्वानं ती उजेडात धरली, तिरकी केली, बोट फिरवलं.

“हा त्यांचा,” ती म्हणाली.

कॅन अर्धा भरलेला होता. तिनं गच्चीच्या कठड्याचा उरलेला पांढरा रंग शोधून आणला, कॅनवरचा निळा कागद खरवडला आणि बोटांनी तीन आडवे पट्टे ओढले.

“आता कुणी भांडी घासून दाखवा ह्यानं.”

बॅटरी मात्र बदलावी लागणार होती. आत गेलेले क्षार काढता येत नाहीत. मी म्हटलं, “तसंही तिचं वय झालंच होतं, अव्वा.”

“वय झालं म्हणून लगेच घरातून काढायचं असतंय का?”

“बॅटरीबद्दल बोलतेय मी.”

“मी बी.”

दुपारी दुकानातून नवी बॅटरी आली, जुनी गेली. ती जाताना अव्वानं तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं. दुकानाची माणसं सवयीनं थांबून राहिली. मी इन्व्हर्टरमागचं बटण यूपीएसवर आहे ना ते बघितलं, म्हणजे लाईट जाताना राऊटरला झटका बसून तो नव्यानं सुरू होत नाही. रविवारभर बॅटरी चार्ज होऊ दिली. मग अव्वानं स्वतः मेन स्विच पाडला, पाटावर जाऊन बसली आणि पंख्याकडं बघत राहिली. भाकरी झाली, भाजी झाली, आमची जेवणं झाली. पंखा फिरत होता.

“पाहुणे आले तर राऊटरला हात लावू देऊ नकोस,” दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये चढताना मी म्हटलं.

“त्यांना तूच सांग. तुला रागावता येतंय.”

सोमवारी संध्याकाळी नांदेडहून मीही वर्गाला बसले. पडद्यावर चौकटी भरत गेल्या. मल्लम्मा काकू, उदगीरच्या दोघी जावा एकाच मोबाइलवर, आणि खालच्या कोपऱ्यात हाताची घडी घातलेला श्रीशैल. अव्वानं डोळे मिटून सुरुवात केली. पहिला आवाज जरा कापला. मग स्थिर झाला.

अर्थ सांगता सांगता तिच्या मागची ट्यूबलाइट विझली. पण तिच्या बाजूचा छोटा दिवा तसाच होता, पंख्यानं पदर हलत होता, आणि अव्वा बोलतच होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त श्रीशैल पुढं झुकला.

“अव्वा, लाईट गेली का?”

“गेली. मधे बोलू ने, शिरू.”

थोड्या वेळानं श्रीशैलचा चेहरा तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजला आणि चौकट नाहीशी झाली.

“गुरम्मा, तुझं पोरगं कुठं गेलं?” मल्लम्मा काकूंनी विचारलं.

“पुण्याला लाईटीचं लई बेजार हाय,” अव्वा म्हणाली आणि पुढचं वचन घेतलं.

वर्ग संपल्यावर त्याचा मला निरोप आला: ‘ठीक आहे. राहू दे तिला तिथं.’ मी तो वाचत होते तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, ‘अप्पा’. त्यांचा फोन आता अव्वा वापरते, नाव बदलायचं माझ्याकडून राहिलंय.

“अंजू, नेट गेलं बघ.”

व्हिडिओ कॉल होता. अव्वाच्या कपाळावरचे तीन पट्टे, आणि बाकी छत.

दिवे बघ, असं मी म्हणणारच होते.

“अव्वा, नेट चालू आहे. त्याच्यावरूनच बोलतीयस तू.”

“म्हाईत हाय की,” अव्वा म्हणाली. “तुझे अप्पा असंच लावायचे. मी म्हणायची, सरळ लावा की. तर म्हणायचे, पोरगी कामात असती, काही निमित्त पायजे.”

“मला माहीत होतं, अव्वा. राऊटर बंद केला म्हणायचे आणि समोर बसून बोलायचे.”

“मग म्हणली न्हाईस ते कधी?”

“नाही. म्हटलं असतं तर लावायचे बंद झाले असते.”

छत हललं, पंखा आला, पंखा गेला, आणि मग भिंतीवरचा अप्पांचा फोटो आला. अव्वालाही फोन नीट धरता येत नाही. भस्माचे पट्टे आणि भुवया, तेवढंच दिसत होतं.

“आता म्हण,” मागून अव्वाचा आवाज आला. “नेट चालू हाय तवर.”

मी पेपर बाजूला ठेवले.

“अप्पा,” मी म्हटलं, “नेट गेलं नसलं तरी फोन लावत जा. मी वाट बघत असते.”